जावयाचे पाय

जावयाला पायी चालवत नेण्याइतकं अवघड काम दुसरं नाही, हे मला विशीतच कळलं. बैल हाकता येतो, मेंढराला शीळ घालता येते, दमलेलं पोर खांद्यावर घेता येतं. जावयाच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही. तो थांबला की आपणही थांबायचं आणि दिवस डोक्यावरून कलला तरी तोंडानं ‘बसा की निवांत’ म्हणायचं. त्यात माझा उजवा हात मोडून गळ्यात बांधलेला. म्हणजे ओझं उचलायलासुद्धा मी अर्धाच.

आमचं गाव कडगंचीच्या शेजारी. निजामाचं राज्य होतं, पण आमच्या घरावर राज्य मेंढरांचं होतं. दिवाळी झाली की अप्पा, म्हणजे आमचे वडील, कळप घेऊन बाहेर पडत, ते मृग निघेपर्यंत घरी येत नसत. वाटेवरचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. चार-पाच रात्री एका रानात तळ, मग पुढचं रान. शब्द दिलेला असला की ठरल्या दिवशी तळ उठायचाच. घरात मयत झाली तरी अप्पांनी तळ थांबवलेला मला आठवत नाही. त्या वर्षी हात मोडल्यामुळं मी आईपाशी मागं राहिलो होतो, आणि कळपाबरोबर माझी थोरली बहीण अक्का गेली होती.

अक्का गुलबर्ग्याला दिलेली. दाजी सरकारी दफ्तरात कारकून. त्यांच्या आजोबांनी मेंढरं विकली आणि नातवाच्या हातात लेखणी आली, असं आमच्यात कौतुकानं म्हणायचे. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी अक्काला मुलगा झाला. तो चार-पाच महिन्यांचा असताना तापानं गेला. दाजी तेव्हा साहेबाबरोबर दौऱ्यावर होते. सासू तोंडाला येईल ते बोलली. पुढं एका संध्याकाळी अक्का आमच्या दारात उभी राहिली. आळंदच्या एका गाडीवाल्यानं वेशीपर्यंत सोडलं, इतकंच म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली.

आमच्यात रीत अशी, की सासर सोडून आपल्या मनानं आलेल्या बाईनं आपल्या मनानंच परत जावं. तिला न्यायला कुणी येत नाही. पावसाळा गेला, दसरा गेला, गुलबर्ग्याहून माणूस आलं नाही. दिवाळीनंतर अप्पा निघाले तेव्हा अक्कानं लुगड्याचा काचा मारला आणि म्हणाली, “म्या बी जाते कळपासंगं.” आई रडली. अप्पा म्हणाले, “येऊ दे. जावयानं सोता येऊन इचारलं तर काय करायचं ते तिचं ती बघंल.”

आणि पौषात एका सकाळी दाजी स्वतः आले. डोक्यावर रुमी टोपी, अंगात काळा कोट आणि पायात नवे करकरीत पंपशू. आईची धांदल उडाली. तिनं आधी पाणी तापत ठेवलं, कारण जावयाचे पाय गरम पाण्यानं धुतल्याशिवाय आमच्याकडं त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. पाय धुवायचे, पुसायचे, मग तळव्यांना तेल चोळायचं. दाजी बाजेवर बसून लाजत म्हणाले, “रजा काढून आलोय. आईला सांगितलं नाही. तिला न्यायचंय.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. अक्का माझी आईच होती म्हणा, मला तिनंच कडेवर वागवलेलं. पण आनंदापाठोपाठ तळ आठवला. आदल्या दिवशीच तळावरचा गडी मीठमिरची न्यायला आला होता. तळ कमलापूरच्या अलीकडं माळाखालच्या एका रानात होता, आठ-नऊ कोसांवर, आणि त्या रानातली शेवटची रात्र आजची. उद्या उजाडता तळ उठणार, माळ चढून बिदरच्या बाजूला जाणार. पुढं जनवाड्याकडं वळतील की आणखी कुठं, ते आम्हाला कळायची सोय नव्हती. म्हणजे आज पोचलं तर पोचलं.

शेजारचे अण्णा गाडी जुंपायला तयार होते. माळापर्यंत तरी गाडीवाट होती. दाजी म्हणाले, “गाडी नको. चालतच जायचं ठरवलंय.”

“दाजी, कधी चाललाव का येवढं?” मी विचारलं.

“दफ्तरापर्यंत रोज चालतो की.”

आईनं पंपशूंकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. जावयाला नाही म्हणायची सोय नसते. तिनं भाकरी बांधून दिली आणि आम्ही निघालो.

पहिला कोसभर दाजी झकास चालले. माझ्या पुढंच चालत होते, हात हलवत. ज्वारीला कणसं धरली होती, थंडी होती, त्यांना सगळ्याची मौज वाटत होती. हा कुठला पक्षी, ते कुठलं झाड, असं विचारत होते. मीही उगाच घाबरलो असं मला वाटायला लागलं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आईनं दुसरी मुलगी बघून ठेवलीय आणि शिमग्याच्या आत अक्का घरात आली नाही तर अक्षता टाकायच्या ठरल्यात.

“मग तुमी काय म्हनलाव?” मी विचारलं.

“मी काय म्हणणार? आलोय की.” ते हसले, पण चालताना हलणारे हात खाली आले.

पहिलं गाव लागलं आणि आमचं नशीब फिरलं. वेशीतच मावशीच्या दिरानं ओळखलं. “आवो, जावई! आन् हे असं वरच्या वर जायलाव? बर्री, बर्री, आत या.” मी सांगितलं, घाई आहे, तळ उठणार आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्याच्या थोबाडीत मारली. मावशी तांब्या घेऊन धावत आली. ओसरीवर पाट, गरम पाणी, तेल. मग पोहे. मग चहा, कारण जावई शहरातले आणि शहरातला माणूस चहा घेतो. गूळ घरात नव्हता, तो आणायला पोर पिटाळलं. मी उंबऱ्यात उभा राहून उन्हाकडं बघत होतो.

पुढच्या गावात चुलत्यांचं घर. तिथं धीर करून म्हणालो, “काका, पाणी नगं. सारखे पाय भिजवले तर कातडं मऊ पडतंय, वाटंनं फोड येत्यात.”

काकू कडाडल्या. “शहाणा हायस लई! मावशीच्या घरी धुतलं आन् माझ्या घरी न्हाई व्हय? कामून? आमी परके हाव?”

दाजी मधे पडले. “असू द्या हो, धुवू द्या. त्यांचं मन मोडू नये.” आणि पाय पुढं केले. गरम पाणी पडलं तसे त्यांनी डोळे मिटले, इतकं बरं वाटलं त्यांना. मला मात्र ते मऊ, गुलाबी होत चाललेले तळवे बघवेनात. तेल चोळून झालं आणि ते पाय परत त्या कडक पंपशूंमध्ये गेले.

आमच्या माणसांची ही खोड जगात दुसऱ्या कुणाला नसेल. मान द्यायचा म्हटलं की समोरच्याचा जीव गेला तरी बेहत्तर. जावयाला आमच्यात देवाच्या जागी मानतात आणि देवाला काही विचारत नाहीत. दाजीही म्हणत नव्हते की पुरे. घरोघरी आपलं असं स्वागत होतंय म्हणजे सासुरवाडीत अजून आपल्याला जागा आहे, असं त्यांना वाटत असावं. सहा महिने तोंड न दाखवलेल्या माणसाला ते पाणी नको कसं होईल? हे मला तेव्हाही समजत होतं, म्हणून तर नुसता चरफडत होतो.

तिसरं गाव मी टाळायचं ठरवलं. पांदीतून खाली उतरून रानातून आडवं काढलं. तुरी नुकत्याच कापल्या होत्या आणि धसकटं खिळ्यासारखी उभी. मी अनवाणी माणूस, माझ्या पायाला डोळे असल्यासारखे होते. दाजींना कुठं पाय ठेवावा ते समजेना. एक धसकट पंपशूच्या कडेतून घुसलं आणि रक्त आलं. ते बांधावर बसले. तेवढ्यात पलीकडं तुरी झोडपणाऱ्या बायकांतली एक उठून बघायला लागली. ती निघाली अप्पांच्या मामेबहिणीची सून. झालं. खळ्यावरच भट्टी पेटली, पाणी तापलं, आणि जखमेवर हळद भरून वर तेल. वरून ती मलाच म्हणाली, “जावयाला असं रानातनं आन्लास? मानूस हायस का कोन!”

मी दाजींचे पंपशू उचलून त्यांच्यापुढं ठेवले.

तिथून पुढं दाजींची मजा संपली. आधी ते माझ्या बरोबरीनं आले, मग मागं पडले. मी शंभर पावलं जायचो, वळून बघायचो, थांबायचो. ते जवळ आले की तोंडावर हसू आणायचे. “तुम्ही चला, मी येतोच.” दुपार उलटली तेव्हा ते पंपशू काढून हातात घेऊन चालायला लागले आणि काही वेळानं परत घातले. दोन्ही सारखंच होतं. एकदा मी म्हणालो, “दाजी, माज्या पाठीवर बसताव का?” मोडक्या हाताचा मी आणि ते माझ्याहून वीतभर उंच. दोघंही हसलो. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी दुसरीकडं बघितलं.

दिवस मावळायला आम्ही माळाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात पोचलो. तळ अजून दोन कोस. दाजींना पंपशू काढता येईनात, पाय सुजून आत बसले होते. ज्या ओळखीच्या घरी उतरलो तिथल्या घरमालकानं ओढून काढले तेव्हा टाचेचं कातडं पंपशूबरोबरच आलं. मी उठलो. “म्या जातो पुढं. अप्पांना सांगतो थांबा म्हनून.”

“अप्पा थांबतील?” दाजींनी विचारलं.

मी खोटं बोलू शकलो नाही. पलीकडच्या रानाच्या मालकाला शब्द दिलेला होता.

“मग नको. आणि तिला तुम्ही सांगून काय उपयोग? मीच जायला हवं.” ते भिंतीला टेकले. घरमालकाची बायको परातीत गरम पाणी घेऊन आली. मी डाव्या हातानं तिच्या हातातली परात कलती केली आणि सगळं पाणी अंगणात सांडलं. ती बाई आजवर माझ्याशी बोलली नाही.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा घरमालकानं पुन्हा गाडीचं काढलं. माळाच्या पायथ्यापर्यंत सोडतो म्हणाला. दाजींनी पायांना फडकी गुंडाळली होती. त्यांनी मान हलवली आणि काठी टेकत चालायला लागले. मला त्या वेळी त्यांचा खरोखर राग आला. बायको हवी की हट्ट हवा, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

उन्हं चांगली वर आल्यावर आम्ही त्या रानात पोचलो. रान मोकळं होतं. काळ्या मातीवर लेंड्यांचा थर, वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, खुंट्यांची भोकं, आणि एका बाजूला तीन दगडांची चूल. चुलीतली राख मी हातात घेतली. गरम होती. माळाच्या चढावरून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या, इतक्या जवळ की आमच्या म्हाताऱ्या एडक्याची घंटा मला वेगळी ओळखता आली.

मेंढरं ही काही पळणारी जात नाही. चरत चरत जातात, कोसाला अर्धा दिवस लावतात. धड पायाचा कुठलाही माणूस त्यांना घटकाभरात गाठेल. दाजी त्या चुलीपाशी खाली बसले ते बसलेच. माळावर गाडी चढत नव्हती. मी म्हणालो, “तुमी बसा. म्या अक्काला घेऊन येतो,” आणि सुटलो.

अक्का कळपाच्या सगळ्यात मागं होती. घोड्यावर भांडी आणि कोकरं लादलेली, ती कासरा धरून चालत होती. उन्हानं काळी पडली होती, वाळली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

“हात बरा हाय का रे? एकलाच आलास?”

“अक्का, दाजी आलेत. खाली तळावर बसलेत. तुला न्यायला आलेत. पाय फुटलेत त्यांचं, चढ चढवत न्हाई. चल माज्यासंगं.”

ती थांबली नाही. चालता चालता तिनं सगळं ऐकून घेतलं, वाटेतली गावं, पाणी, तेल, फोड. मला वाटलं तिला हसू येईल. तिनं विचारलं, “घरोघरी धुतलं पाय?”

“व्हय.”

“म्या गुलबर्ग्याहून आले तवा चालत आले. गाडीवालं-फिडीवालं कुनी नव्हतं. लेकरू जाऊन दहा दिस झालते. पान्हा आटला नव्हता, चोळी भिजायची. त्या वाटंला बी आपलीच घरं हायत की रे, चुलत्याची, मावळनीची. एका दारात पानी मागितलं तर म्हनली, एकलीच कशी आलीस, नवऱ्यानं टाकलं का? तांब्या बाहेरच ठिवला. पाय धुवायचं तर सोड.”

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. मी तिच्या शेजारून चालत राहिलो. आणि मग एकदम मला ते गाडीचं आठवलं.

“अक्का, त्यांनी गाडी घेतली न्हाई. अण्णा देत हुते, आज पहाटं बी एक जन देत हुता. चालतच जायचं म्हनले.”

आता तिचा पाय अडखळला. घोडा पुढं गेला आणि कासरा ताणला. तिला कळलं होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघून मलाही कळलं, की तिचं चालत जाणं त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. तिनं डोळ्यांना पदर लावला. पुढून अप्पांची हाक आली, चला म्हणून.

“त्यांना सांग,” ती म्हणाली, “म्या थांबनार न्हाई. पळनार बी न्हाई. हितनं चाललेय. येऊ दे त्यांना.”

“त्यांना येववत न्हाई गं!”

“मला तरी कुठं येववत हुतं?”

मी धावत खाली आलो. दाजी लांबून बघत होते, माझ्यामागं कुणी आहे का ते. मी तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ते काठीवर भार देऊन उठले. “येऊ दे म्हणाली ना? मग चला.”

त्या माळाचा चढ आम्ही कसा चढलो ते मला सांगवत नाही. मी डाव्या हातानं त्यांना धरलं होतं. फडकी आधी लाल झाली, मग मुरमाच्या धुळीनं माखून घट्ट झाली. दर थोड्या वेळानं ते थांबून कान देत. “आहेत ना अजून?” “हायत.” घंटा ऐकू येत होत्या. मला वर जाऊन कळप अडवता येत नव्हता, कारण अप्पांचा शब्द. तिला ओढून आणता येत नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं. आणि यांना उचलता येत नव्हतं. त्या तिघांच्या मधे मी धडधाकट पायांचा माणूस नुसता उभा होतो. मला रडू आलं, रागानं आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

माथ्यावर एका बाभळीपाशी ते खाली बसले. समोर पठार होतं आणि लांब टोकाला धूळ दिसत होती. त्यांनी बराच वेळ उठायचा प्रयत्न केला, हातांवर जोर देऊन, गुडघ्यांवर. मग थांबले. एडक्याची घंटा मला अजून ऐकू येत होती. त्यांना येत नव्हती.

“गेली?”

“व्हय.”

“तिला भेटलात कधी तर सांगा,” ते म्हणाले, “मी कुठपर्यंत आलो ते.”

खालच्या गावातून चौघांनी बाजेवर घालून त्यांना माळाखाली आणलं आणि मग गाडीनं घरी. पायाच्या जखमा भरायला बरेच दिवस लागले. तोवर गुलबर्ग्याहून त्यांच्या आईची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली आणि शिमग्याच्या आत ठरल्याप्रमाणं अक्षता पडल्या. आमच्याकडं कुणी कळवलं नाही, बाजारातून कळलं.

मृग निघाला आणि कळप घरी आला. अक्काला लग्नाचं वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला एकटीला गाठून निरोप सांगितला, बाभळ सांगितली, घंटा सांगितली. ती वाघर दुरुस्त करत बसली होती. हातातली गाठ तिनं पुरती मारली.

“तितवर आले?” ती म्हणाली. “त्या पठारावर अप्पा दोनदा वरडले माज्यावर, मागं कामून राहायलीस म्हनून. त्या दिशी म्या लई हळू चालत हुते रे.”